बिघडलेल्या चित्रांचा तास

माझ्या खोलीत एक्केचाळीस कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. वर्गात बडबड केली म्हणून कोपऱ्यात उभी केलेली पोरं असावीत, तसे. रोज सकाळी सहाच्या सुमारास त्यातला एक मी सरळ करतो. कोणता, ते आदल्या रात्री ठरवत नाही. ठरवलं की रात्रभर मनात तो सुधारत राहतो आणि सकाळी समोर आला की होता तसाच भिकार निघतो.

नळदुर्गात मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घर जुनं, धाब्याचं. मागच्या खोलीला खिडकी नाही, वर साणं आहे. साण्यातून उजेडाचा एक चौकोन पडतो. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर उंच असतो, मग खाली उतरत उतरत साडेनऊच्या पुढे इझलवर येतो. तो कॅनव्हासवर आला की मी थांबतो, कारण त्या उजेडात सगळे रंग खोटे बोलतात. म्हणजे हातात साडेतीन तास. त्या वेळात मी नवं चित्र काढत नाही. बिघडलेलं घेतो.

गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूध घालायला येणारा दारातूनच विचारतो, “सर, तेच चित्र किती दिवस पुसूलालाव? नवं घ्या की एखादं.” नवा कॅनव्हास केवढ्याला पडतो ते सांगितलं की त्याला पटतं. पैशाचं कारण खोटंही नाही. पेन्शनीत सोलापूरहून रंग आणि कॅनव्हास आणायचे म्हणजे महिन्याचं गणित बसवावं लागतं. पण उद्या कुणी शंभर कोरे कॅनव्हास दारात आणून टाकले तरी मी सकाळी भिंतीकडेच जाईन.

“सर, दुसरा कागद.” एकतीस वर्षांत मी वर्गात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हे. झाडाचं खोड जरा वाकडं गेलं, दुसरा कागद. रंग ओघळला, दुसरा कागद. आणि मीही देत गेलो. ड्रॉइंग मास्तरच्या कपाटात कागद असतो, मूल हिरमुसलेलं असतं, तास पस्तीस मिनिटांचा असतो. देऊन टाकायचं सोपं असतं. आज वाटतं, त्या कागदांबरोबर मी पोरांना एक वाईट सवयही वाटली.

अमूर्त चित्र बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मला शिकलेले लोकही विचारतात. फुलदाणी तिरकी झाली तर दिसते. इथं मुळात फुलदाणीच नाही, मग चुकलं कुठं? उदाहरण देतो. निळ्या रंगाखालून एका कोपऱ्यात गेरू डोकावला. आपोआप आला, फार सुंदर आला. मग तो वाचवायच्या नादात उरलेलं सगळं चित्र मी त्याला धक्का न लावता रंगवत गेलो. पाहुणा झोपलाय म्हणून घरातले सगळे कुजबुजत, चवड्यांवर वावरतात, तसं. महिन्याभरानं चित्र पुरं झालं आणि त्यात तो कोपरा सोडून कुणीच जिवंत नव्हतं. बिघडणं म्हणतात ते हे. अशा चित्राला दुरुस्त करायला बसलं की पहिल्यांदा तो आवडता कोपराच घालवावा लागतो. हात धजत नाही. माझे आठ-आठ दिवस नुसते त्याच्यासमोर स्टुलावर बसण्यात गेलेले आहेत.

हात धजला की मग काम अगदी मजुराचं. आधी कॅनव्हास मागून बघायचा. पावसाळ्यात तो ढिला पडतो, चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हातोडीनं ठोकून पुन्हा ताणायचा. मग रंगाचे गठ्ठे नाईफनं खरवडायचे. खरवडताना आवाजावरून कळतं: जाड थर चर्रचर्र बोलतो, कापड जवळ आलं की आवाज कोरडा होतो, तिथं थांबायचं. मग पॉलिश पेपर. आधी ऐंशी नंबर, मग एकशे वीस, तोही पाण्यात भिजवून, नाहीतर रंगाची धूळ छातीत जाते. घासता घासता खालचे थर वर यायला लागतात. तीन वर्षांपूर्वीचा हिरवा, त्याखालचा काळा, काळ्यात अडकलेला ब्रशचा एक केस. रंगारी भिंत घासतो आणि मी घासतो, यात फरक इतकाच की तो सगळी घासून काढतो. मला कुठं सोडायचं ते ठरवावं लागतं.

रंगांच्याही अटी असतात. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं. ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. म्हणजे एकदा तेल चढलं की परतीचा रस्ता बंद. त्यात आमच्याकडचा एप्रिल-मे. ॲक्रिलिक पॅलेटवरून कॅनव्हासपर्यंत जाईतो वाळतं. म्हणून पावसाळा-हिवाळ्यात ॲक्रिलिक, उन्हाळ्यात ऑइल, असा माझा हंगाम ठरलेला आहे. शेजारचे ज्वारी-तूर बघतात, मी हे बघतो.

एका कॅनव्हासची गोष्ट सांगतो. चार बाय तीन फुटांचा आहे, २०१६च्या पावसाळ्यात सुरू केला.

इथला किल्ला पाहिलेल्यांना पाणीमहाल माहीत असेल. बोरी नदीवर किल्ल्याच्या कुशीत दगडी बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३चा. नदी भरली की पाणी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी कोसळतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. त्या वेळी आत महालात उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे. पर्यटक या चमत्काराचे फोटो काढतात. मी लहानपणापासून तिथं दुसरंच बघत आलो. पाण्याआडून येणारा उजेड दगडावर पडतो तेव्हा दगडाचा काळा रंग काळा राहत नाही. तो कोणता होतो, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

“मग किल्लाच काढा की, पर्यटक घेतील,” असा सल्ला वर्षातून दहा जण देतात. चूक नाही. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी १८५३नंतर काही वर्षं इथं कारभार बघत होता, त्यालाही चित्रं काढायचा चांगला हात होता. उपळ्या बुरूज, नऊ पाकळ्यांचा बुरूज, दोन धबधबे. चित्र काढायला काही कमी नाही. पण मला हवा आहे तो रंग बुरूज काढून सापडत नाही.

तर २०१६ला मी तो कॅनव्हास सगळा निळा-राखाडी केला. पाण्याचं चित्र म्हणून निळा, इतका साधा विचार. सहा महिन्यांत कंटाळा आला. त्यावर गेरू आणि पिवळा चढवला. पौषातली खंडोबाची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. आमच्याकडचा खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव एकच, मुक्काम दोन. त्या दिवसांत सगळ्या गावाच्या कपड्यांना भंडारा लागलेला असतो, तो चित्रालाही लागला. पिवळा देखणा होता, पण त्याचा नर-मादीशी काही संबंध नव्हता. मग काळा. मग काळ्यातून खरवडून पुन्हा निळा वर काढला. २०१९ला कुणीतरी म्हटलं म्हणून एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी पाठवला. निवड झाली नाही, ते ठीक. परत आला तेव्हा डाव्या बाजूला खाली बोटभर भोक पडलेलं. वाहतुकीत पडलं की ठेवण्यात, कोण सांगणार? दोन दिवस मी चिडून होतो. मग मागून जाड सुती कापडाचा तुकडा चिकटवला, पुढून जेसोनं भरला. भरलेली जागा कितीही घासली तरी रंग जरा वेगळा पिते, बाकी कॅनव्हासपेक्षा मंद दिसते. आणि चित्रात काहीतरी घडलं. इतकी वर्षं पाण्याच्या पडद्याला जे वजन मी आणू शकत नव्हतो, ते त्या ठिगळाला आपोआप होतं. तेव्हापासून मी त्या ठिगळाच्या बाजूनं चित्र वाढवतोय. अजून पुरं झालेलं नाही.

मास्तर फक्त विजयाच्या गोष्टी सांगतोय असं वाटायला नको. मागच्या वर्षी असाच एक मध्यम आकाराचा कॅनव्हास होता. राखाडी, मध्ये एक आडवी फट, फटीत थोडा तांबडा. मला तो फार सोपा वाटला म्हणून घासला, बदलला, पुन्हा बदलला, शेवटी चिखल करून भिंतीला लावला. गावात फ्लेक्सचं दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी एकदा घरी आला. मोबाइल चाळताना त्याला त्याच चित्राचा आधीचा फोटो सापडला, केव्हातरी त्यानंच काढलेला. मला दाखवला. चित्र झालेलं होतं. पूर्ण झालेलं होतं, आणि मी ते पुसलं होतं. तो बिचारा मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “सर, आमच्यात कंट्रोल झेड असतंय. तुमच्यात नाही, एवढंच.” खरं बोलला. पण त्याच्या कंट्रोल झेडनं चूक जाते ती मागमूस न ठेवता जाते, हेही खरं. माझ्या चुकीचा थर अजून त्या कॅनव्हासवर आहे, बोटाला लागतो. फोटो मी त्याच्याकडून मागून घेतला, प्रिंट काढली. पुन्हा तसंच करायचा प्रयत्न मात्र केला नाही. तसं करणं म्हणजे स्वतःचीच नक्कल.

मोठ्यांची नावं घेतल्याशिवाय मराठी माणसाला चित्रकलेवरचा लेख पटत नाही, म्हणून घेतो. वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूर, १९२४. घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे.त. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं करणारा माणूस. रोलर आणि नाईफ घेऊन रंग लावायचा, कागदाच्या तुकड्यांनी तो टिपून उचलायचा. जितकं चढवणं तितकंच उतरवणं. २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमनं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र ते मथळ्यात येतात ते लिलावाच्या आकड्यानं. २०२१ला एक चित्र जवळजवळ चाळीस कोटींना गेलं तेव्हा मला सात फोन आले. त्या माणसाच्या हातानं किती रंग उचलून टाकला असेल, हे त्यातल्या एकानंही विचारलं नाही. प्रभाकर कोलते तर खालच्या रंगीत गलक्यावर एका रंगाची सपाट चादर ओढतात आणि मधेमधे झरोके ठेवतात. झाकलेलं किती आणि उघडं किती, यातच त्यांचं चित्र. प्रभाकर बर्व्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९०ला आलं. माझ्या प्रतीची पानं सुटली आहेत. तरी मनात येतं, कोऱ्या कॅनव्हासवर पुस्तक निघालं, भरून बिघडलेल्यावर अजून निघायचंय.

बाहेरच्यांचं बघा. मोनेनं १९०८ला पॅरिसचं प्रदर्शन तोंडावर असताना कमळांचे किमान पंधरा कॅनव्हास नष्ट केले. त्याला परवडत होतं. पिकासोच्या १९०१च्या ‘ब्लू रूम’खाली दाढीवाल्या एका माणसाचं चित्र दडलेलं आहे, हे २०१४ला जाहीर झालं. चित्र काढलं तेव्हा तो पॅरिसमध्ये कडका होता, जुनाच कॅनव्हास पुन्हा वापरला. मला या दोघांहून जवळचा वाटतो तो लंडनचा फ्रँक आउरबाख. १९५४पासून एकाच स्टुडिओत. दिवसभर रंगवायचं, पटलं नाही तर संध्याकाळी सगळं खरवडायचं, दुसऱ्या दिवशी त्याच कॅनव्हासवर पुन्हा. वर्षानुवर्षं. २०२४ला तो त्र्याण्णवाव्या वर्षी गेला, ती बातमी आमच्या पेपरात कुठं दिसली नाही. मी त्या दिवशी एक तास जास्त घासलं.

आता शाळेकडे येतो, कारण लेख लिहायला बसलो तो त्यासाठी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे फॉर्म भरायची लगबग सुरू झाली की पालक अजून माझ्याकडे येतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन. त्या सातासाठी पोरं संकल्पचित्र पाठ करतात. हो, पाठ! कमळ इथं, पान तिथं, रंगसंगती ठरलेली. या परीक्षांवर माझा राग नाही. आमच्यासारख्या गावात वस्तुचित्र नावाची गोष्ट असते हे कित्येक मुलांना या परीक्षांमुळेच कळलं, मलाही. पण त्यातून मुलाच्या मनावर एकच गोष्ट कोरली जाते, चांगलं काम म्हणजे स्वच्छ काम. रंग रेषेबाहेर गेला की संपलं.

यावर उतारा म्हणून मी शाळेत चार वर्षं एक तास चालवला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत. नाव ठेवलं, बिघडलेल्या चित्रांचा तास. नियम दोनच: नवा कागद मिळणार नाही आणि खोडरबर काढायचा नाही. आपलं बिघडलेलं चित्र आणायचं आणि त्याच्यावरच काम करायचं. पहिले दोन महिने पोरांना वाटलं ही शिक्षाच आहे. काही जण घरून मुद्दाम बिघडवून आणायचे, ते लगेच ओळखू यायचं. खोटं बिघडलेलं चित्र फार नीटनेटकं असतं.

सातवीतल्या एका मुलीचं सांगतो. तिनं नेहमीचं निसर्गचित्र काढलेलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला हे चित्र जन्मतः येतं. दप्तरात पाण्याची बाटली सांडली आणि सूर्य वितळून नदीत आला. पोरगी रडकुंडीला आलेली. मी काही बोललो नाही, मला सुचलंही नव्हतं. तिनं बराच वेळ कागदाकडे बघितलं. मग तपकिरी पोस्टर कलर घेतला आणि ओघळलेल्या सूर्यापासून सुरुवात करून डोंगरावर नेला, झोपडीवर नेला, नदीच्या थोड्या भागात काळा मिसळला. खाली सूर्याचा एक पिवळा डाग तेवढा राहिला, झोपडीच्या दारापाशी. मी विचारलं, “हे काय गं?” म्हणाली, “आमच्या वस्तीवर लाईट गेल्यावरचं. आई चुलीपाशी आहे.” आई चित्रात कुठंच काढलेली नव्हती. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत वर्गात झालेलं ते सर्वांत चांगलं अमूर्त चित्र. ते तिच्याकडेच आहे की नाही, देव जाणे. मी मागायला हवं होतं.

तास बंद का पडला? वरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मुलांच्या फायली चाळल्या आणि विचारलं, “ही घाण कशाला जपून ठेवली?” फायलीत स्वच्छ कामच लावावं, अशी सूचना लेखी आली. मी भांडायला हवं होतं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती, भांडलो नाही.

म्हणून आता मागणी करतो. पहिली ते दहावी, शाळेच्या वेळापत्रकात महिन्यातून एक तास या कामाला द्या. खर्च शून्य, उलट कागद वाचेल. एकच अट: त्याला गुण ठेवू नका, परीक्षेत घालू नका. गुण ठेवले की पुढच्या सुट्टीत क्लासवाले ‘आकर्षक पद्धतीनं कसं बिघडवावं’ याची बॅच काढतील. आणि मास्तर मंडळींना विनंती, पोरगं “दुसरा कागद” म्हणालं तर कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून सांगा. एवढं खोटं चालतं.

माझ्या खोलीतल्या कामाचं परीक्षण आमच्या घरी फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. आठ वाजता बायको चहा घेऊन येते. चित्र जमत असेल तर ती काही बोलत नाही, कप स्टुलावर ठेवते आणि जाते. जाताना दार हळू लावते. चित्र गोंडस व्हायला लागलं असेल तर थांबते, मान तिरकी करते आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन शब्द बोलते. इतक्या वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. गायतोंड्यांच्या चित्रांचं पुस्तक पहिल्यांदा दाखवलं होतं तेव्हा ती कितीतरी वेळ गप्प होती.

आज २०१६चा तो ठिगळाचा कॅनव्हास काढला होता. ठिगळाच्या वरच्या बाजूला मी काल राखाडीत जरासा जांभळा फिरवला होता, साण्याच्या उजेडात तो मला स्वतःला आवडला होता. तिनं कप ठेवला. उभी राहिली. मान तिरकी केली.

“बरं दिसतंय,” म्हणाली.

मी चहा घेतला आणि ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवला.